तालमीत 'विसरलेल्या पैशांचं टेबल' लावायचंय: आधी कागद की आधी पोर्टल?

तालीमकट्टा (धागाकर्ता)
मंडळी, कोल्हापुरात आपल्या पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दोन तास एक टेबल लावायचं ठरतंय. लोकांनी घरातली जुनी पासबुकं, पॉलिसीचे बॉण्ड, ठेवपावत्या घेऊन यायचं आणि पैसे कुठं पडलेत, कुणाकडं मागायचे, काय कागद लागतील एवढं लिहून घेऊन जायचं. फी नाही, अर्ज भरून देणं नाही, फक्त दिशा.

केंद्राची 'आपकी पूंजी, आपका अधिकार' मोहीम ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ चालली. तेव्हा 'उद्गम' या बँकांतल्या विसरलेल्या ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलचा दुवा सगळ्या ग्रुपवर फिरला. लोकांनी नाव टाकलं, काही आलं नाही, विषय मिटला. माझं मत असं की लोकांनी उलट्या टोकानं शोधलं. उद्गमवर फक्त दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या डीईए निधीत (पडून राहिलेल्या ठेवी जिथं वळवतात तो निधी) गेलेल्या ठेवी दिसतात. पाच-सात वर्षं झोपलेलं खातं तिथं येतच नाही. विमा नाही, पोस्ट नाही, पतसंस्था नाही, पीएफ नाही. म्हणून आधी पिशवी उपडी करायची, लॅपटॉप शेवटी उघडायचा. पटतंय का? आणि कुठल्या कागदात काय बघायचं तेही सांगा.

नेटकर_पाटील
नाही पटत. पोर्टलला पाच मिनिटं लागतात, फुकट आहे, मग ते मागं का ठेवायचं? लोकांना सापडत नाही कारण ते एकदाच, एकाच स्पेलिंगनं शोधतात. नाव टाकायचं, बँकेत 'सर्व' निवडायचं आणि पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट, जन्मतारीख यांपैकी निदान एक द्यायचं. यातलं काहीच नसेल तर पत्त्यावरून शोध. मार्च २०२४ पर्यंतच ३० बँका आत आल्या होत्या आणि पडून असलेल्या ठेवींपैकी मूल्यानं सुमारे ९० टक्के रक्कम त्यांच्यात होती. आधी जाळं टाका, मग पिशवी बघा.

निवृत्त_कॅशिअर
पाटीलसाहेब, स्पेलिंगचा मुद्दा बरोबर, पण तोच मुद्दा कागदाकडं नेतो. आपल्याकडचं 'चौगुले' घ्या. कुणी 'सीएचओयू' लिहितो, कुणी 'सीएचएयू', आणि मागं 'गुले' की 'गले' हा घोळ वेगळाच. जुन्या खात्यात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. बायकांची खाती माहेरच्या नावावर, नाहीतर घरी हाक मारतात त्या 'आक्काताई' नावावर. खात्यावर नाव कसं पडलंय ते पासबुकाच्या पहिल्या पानावरच कळतं. ते बघून पोर्टलवर तसंच टाका.

आता पासबुकात काय वाचायचं. शिल्लक सगळेच बघतात, खर्चाचा रकाना कुणी बघत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेत का बघा. ती जीवनज्योती विमा योजना, २ लाखांचा मृत्यूविमा. २० रुपये गेले असतील तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. मे २०२२ पर्यंत हेच आकडे ३३० आणि १२ होते, त्यामुळं जुन्या पासबुकात ते शोधा. विमावर्ष १ जून ते ३१ मे. माणूस त्या काळात गेला असेल तर दावा बँकेच्या शाखेतच द्यायचा असतो, विमा कंपनीच्या दारात नाही. घरच्यांना ४३६ रुपये कशाचे हे ठाऊकच नसतं, आणि दावा राहून जातो.

दर तिमाहीला किंवा वर्षाच्या ठरावीक तारखेला ईसीएस किंवा एनएसीएच (म्हणजे खात्यातून आपोआप होणारी कपात) लिहून एकच आकडा जातोय? तो बहुतेक हप्ता. पुढं कंपनीचं नाव आखूड करून छापलेलं असतं. आणि दर तिमाहीला विचित्र आकडा जमा होतोय, खात्याच्या शिल्लकेशी न जुळणारा? ते कुठल्या तरी मुदत ठेवीचं व्याज. पावती घरात नसली तरी ठेव आहे.

रंकाळा_संध्याकाळ
म्हणजे पासबुक वाचायचं ते बायकोच्या नजरेनं. शिल्लक किती ते नंतर, आधी 'हे कुठं गेले?'

निवृत्त_कॅशिअर
अगदी तसंच, ताई.

कुरुंदवाडकर
इथं एक अडचण कुणी बोललं नाही. पासबुकावर ज्या बँकेचं नाव छापलंय ती बँकच आता नाही. आपल्या भागात हे फार आहे. गणेश बँक ऑफ कुरुंदवाड २००६ मध्ये फेडरल बँकेत गेली. युनायटेड वेस्टर्न त्याच वर्षी आयडीबीआयमध्ये. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. रत्नाकर बँक बुडाली असं अजूनही काही जण म्हणतात. ती कुठंही गेलेली नाही, २०१४ पासून तिचं नाव आरबीएल आहे. नंतरचं सरकारी बँकांचं विलीनीकरण: देना आणि विजया १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदा, सिंडिकेट १ एप्रिल २०२० पासून कॅनरा, त्याच दिवशी कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियनमध्ये.

टेबलावर हा तक्ता मोठ्या अक्षरात चिकटवा. पोर्टलवर एकेक बँक निवडून शोधणारा 'सांगली बँक' शोधत बसतो, आणि यादीत ती नसते.

तांबडा_पांढरा
म्हणजे कुरुंदवाडच्या गणपतीचे पैसे केरळात अलुव्याला! आता मोदकही नारळाचे जास्त मिळणार 😄

कुरुंदवाडकर
भावा, मोदकात नारळ आधीपासूनच असतो. पैसे मात्र शाखेतच मागायचे, केरळला जायचं नाही.

बिंदूचौक
शाखेत गेलं की 'ते पैसे रिझर्व्ह बँकेकडं गेले, आमच्याकडं काही नाही' असं उत्तर मिळतं त्याचं काय?

निवृत्त_कॅशिअर
ते उत्तर चूक आहे. पैसे डीईए निधीत गेले तरी ग्राहकाची देणेकरी बँकच. कागद पुरे झाले की बँकेनं आधी ग्राहकाला द्यायचे आणि मग स्वतः रिझर्व्ह बँकेकडून वसूल करायचे. ग्राहकानं मुंबईला काहीच करायचं नसतं. व्याज देणारं खातं असेल तर निधीत गेल्यानंतरच्या काळाचंही व्याज मिळतं, सरळव्याजानं: ११ मे २०२१ पासून ३ टक्के, त्याआधी जुलै २०१८ पासून साडेतीन, त्याच्या मागं ४. फार नाही, पण पै न् पै मागायची.

दोन वर्षं आपण स्वतः व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. बँकेनं टाकलेलं व्याज किंवा कापलेलं शुल्क हा आपला व्यवहार धरत नाहीत, आणि इथंच लोक फसतात. 'व्याज पडतंय म्हणजे खातं चालू' असं काही नसतं. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानं निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, चालू करायला शुल्क नाही, केवायसी कुठल्याही शाखेत देता येते, आणि पुरा अर्ज दिल्यावर तीन कामकाजी दिवसांत खातं चालू व्हायला हवं. अर्जाची पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का. पोच नसेल तर तीन दिवस मोजणार कुठून?

विमा_खिडकी
पॉलिसीचं लिहितो, कारण त्यात गैरसमज जास्त.

पहिला गैरसमज: 'हप्ते थांबवले म्हणजे बुडाले.' जुन्या पारंपरिक पॉलिसीत तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरले असतील तर ती बंद पडली तरी पेड-अप होते. विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते, तोवर जमलेला बोनस राहतो, आणि मुदत संपली की पैसे देय होतात. घरात 'ती बंद पडलेली' म्हणून बाजूला टाकलेला बॉण्ड हमखास असतो. तो आधी काढा.

दुसरा: माणूस हप्ते थकल्यावर गेला म्हणजे काहीच नाही. एलआयसीच्या जुन्या पॉलिसींना सवलत आहे. तीन पूर्ण वर्षं भरलेली असतील आणि पहिला हप्ता थकल्यापासून सहा महिन्यांत मृत्यू झाला, किंवा पाच वर्षं भरलेली असतील आणि बारा महिन्यांत झाला, तर थकलेले हप्ते वजा करून पूर्ण विमा रक्कम मिळते. हे मागावं लागतं. म्हणून मृत्यूची तारीख आणि शेवटच्या पावतीची तारीख शेजारी शेजारी लिहा.

तिसरी अडचण गैरसमजाची नाही, कारकुनीची आहे. मुदत संपली, कंपनीनं पैसे पाठवले, पण खात्याचा आयएफएससी विलीनीकरणात बदललेला. पैसे परत. किंवा जुन्या काळी चेक पत्त्यावर गेला, घर बदललेलं, चेकची मुदत टळली, तो शिळा झाला. अशी रक्कम कंपनीकडं 'दावा न केलेली' म्हणून बसते. एलआयसीच्या संकेतस्थळावर ती शोधायला नाव आणि जन्मतारीख लागतेच. पॉलिसी क्रमांक, पॅन असेल तर बरं. बाकी कंपन्यांचे दुवे विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर आहेत, पण तिथं सगळ्या कंपन्यांचा एकत्र शोध होत नाही. कंपनीगणिक शोधावं लागतं. त्यामुळं कुठली कंपनी हे आधी कळलं पाहिजे. धागाकर्त्याच्या बाजूनं माझं एक मत.

शाहूपुरी_गल्ली
जन्मतारखेवरून आठवलं. जुन्या माणसांची शाळेतली तारीख १ जून. गुरुजींनी सगळ्या वर्गाचा वाढदिवस एकत्र केलेला. पॉलिसीत मात्र एजंटानं कुंडलीवरची टाकलेली असते. दोन्ही टाकून बघा.

विमा_खिडकी
बरोबर. आणि दोन्ही लागल्या नाहीत तर नुसतं वर्ष एक मागं-पुढं करून १ जून धरा.

मुदतपूर्तीला मूळ बॉण्ड, ३८२५ नंबरचा डिस्चार्ज फॉर्म, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. मृत्युदाव्याला ३७८३ चा दावेदाराचा फॉर्म, मृत्यू दाखला, बॉण्ड. बॉण्ड हरवला असेल तर इंडेम्निटी बॉण्ड, म्हणजे पुढं काही नुकसान झालं तर भरून देईन असं हमीपत्र, करावा लागतो. १०० रुपयांचा स्टॅम्प घेऊन जाऊ नका, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात तो ५०० चा झालाय.

दहा वर्षं पडून राहिलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथं गेल्यावरही २५ वर्षं मागता येते, आणि मागायची कंपनीकडूनच. २५ वर्षांनंतर मात्र ती सरकारजमा. बँकेच्या ठेवीत आणि विम्यात हा फरक आहे, टेबलावर बसणाऱ्यांनी दोन्ही एकाच मापानं मोजू नये.

गंगावेस_दूधकट्टा
नॉमिनी असला की झालं ना? तोच मालक. बाकीच्या भावंडांचा काय संबंध.

वकीलीण_बावडा
संबंध आहे, दादा. बँकेच्या ठेवीत नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा विश्वस्त. बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते, पण मालकी वारसांचीच. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच म्हटलं. आयुर्विम्यात मात्र विमा कायद्याच्या कलम ३९ मधल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर ते लाभार्थी नॉमिनी, म्हणजे पैसे त्यांचेच. म्हणून 'नॉमिनी मालक की नाही' याला एक उत्तर नाही, कागद कशाचा आहे ते विचारा.

नॉमिनी नसेल तर: मृत ग्राहकांच्या दाव्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये निर्देश काढले, अंमलबजावणीची मुदत ३१ मार्च २०२६. सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत सोप्या कागदांवर दावा निकाली काढायचा: दावा अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्रं, इंडेम्निटी बॉण्ड, आणि जे वारस दावा करत नाहीत त्यांचं ना-हरकत पत्र. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. सरसकट 'कोर्टाचा दाखला आणा' म्हणणाऱ्या शाखेला ही मर्यादा दाखवा.

आणखी एक. लोक तलाठ्याकडची वारस नोंद, सातबाऱ्याचा फेरफार घेऊन बँकेत जातात. तो जमिनीचा कागद. बँकेतल्या रकमेला उत्तराधिकार प्रमाणपत्र म्हणून तो चालत नाही. रक्कम मर्यादेच्या वर असेल किंवा वारसांत भांडण असेल तर दिवाणी न्यायालय.

तांबडा_पांढरा
आता सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, थेट तिथंच घालू की अर्ज!

वकीलीण_बावडा
१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालय जवळ आलं हे खरं, पण या कामाला बावड्यातलं जिल्हा न्यायालयाचं संकुलच.

शिरोली_शिफ्ट
तुम्ही सगळे बँक आणि विम्यातच. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्री-मशीनशॉपमधल्या कामगारांचं काय? नोकरीत असताना माणूस गेला की घरचे पीएफ काढतात आणि थांबतात. पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो. हप्ता मालक भरतो, पगारातून कपात नसते, म्हणून पगारपत्रकात तो कधी दिसत नाही. कमाल ७ लाख. पीएफला फॉर्म २०, पेन्शनला १०-डी, विम्याला ५-आयएफ, असे तीन वेगळे दावे. कारखाना बंद असेल तर मालकाच्या सहीऐवजी बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन चालतं. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, २०१४ पासूनचा, त्याआधीचे नंबर बऱ्याचदा जोडलेले नसतात. जुनी पगाराची चिठ्ठी हाच पुरावा, ती जाळू नका.

नेटकर_पाटील
माझं मत थोडं बदलतंय, पण एक ऑनलाइन गोष्ट कागदाच्याही आधी करा. आयकर पोर्टलवरची एआयएस, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाच्या नोंदींचा उतारा. पॅन दिलेल्या ठेवींचं व्याज, लाभांश तिथं बँकेच्या किंवा कंपनीच्या नावासह दिसतो. घरच्यांना ठाऊक नसलेली ठेव इथंच उघडी पडते. मृत व्यक्तीसाठी आधी कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. जुन्या म्युच्युअल फंडासाठी 'मित्र' शोधसेवा फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाली. आणि शेअरवर सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर तो शेअरसकट आयईपीएफ या सरकारी गुंतवणूकदार निधीकडं जातो, तिथं आयईपीएफ-५ फॉर्म.

भवानीमंडप
पोस्टाचं कुणीच बोललं नाही. तीन आर्थिक वर्षं व्यवहार नाही की बचत खातं 'सायलेंट'. मुदत संपून तीन वर्षं झालेली अल्पबचत खातीही पोस्ट गोठवतं, वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून. पैसे बुडत नाहीत. पासबुक, आधार, पॅन, मोबाइल नंबर, बंद करण्याचा अर्ज आणि बँक खात्याचा पुरावा दिला की सुटतात. किसान विकास पत्रांचे जुने छापील कागद घरोघरी आहेत. त्यावर कुठल्या पोस्टाचा शिक्का आहे तो भिंगातून का होईना वाचा, तिथूनच नोंद निघते.

गंगावेस_दूधकट्टा
आणि पतसंस्था? कोल्हापुरात गल्लीला एक.

सहकार_खातं
पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत. उद्गमवर नाहीत, डीईए निधी नाही, आणि सहकारी बँकेतल्या ठेवीला असतं ते ५ लाखांचं विमा संरक्षणही नाही. संस्था चालू असेल तर थेट शाखेत, केवायसी आणि ठेवपावती घेऊन. पिग्मी (एजंट रोज येऊन गोळा करतो ती ठेव) असेल तर एजंटाच्या छोट्या पुस्तिकेवरचा खाते क्रमांक संस्थेच्या खातेवहीशी जुळवून घ्या. एजंटाच्या पुस्तिकेत शेवटच्या काही दिवसांची रक्कम असते आणि वहीत नसते, हा वाद नेहमीचा. संस्था अवसायनात (गुंडाळली जात) असेल तर ते काम बघणारा अवसायक कोण हे जिल्हा उपनिबंधक कार्यालयात कळतं, दावा त्याच्याकडं लेखी.

उसाच्या बिलांचीही फाईल बघा. बिलातून 'परतीची ठेव' म्हणून कापलेली रक्कम परत मिळायची असते, 'बिगर परतीची' नाही. शब्द नीट वाचा. कारखान्याचा आणि दूध संस्थेचा सभासद मेला की शेअर वारसाच्या नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर त्यावरचं सगळं तसंच पडून राहतं.

बिंदूचौक
टेबल लागलं की फोन सुरू होतील बघा. 'तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, जीएसटी भरा, सुटतो.'

विमा_खिडकी
विमा नियामक कुणाला फोन करून बोनस वाटत नाही. आधी पैसे मागणारा चोर, एवढं मोठ्यानं सांगा. तक्रार खरी असेल तर आधी कंपनीकडं लेखी. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरला पुण्याचं कार्यालय लागतं. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे. बँकेचं असेल तर ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

तालीमकट्टा
बरंच हाताला लागलं. क्रम असा धरतोय: पासबुकाचा खर्चाचा रकाना, मग बॉण्ड आणि शेवटची पावती, मग पगाराची चिठ्ठी, उसाचं बिल. पाटलांची एआयएस पॅन असेल त्यांच्यासाठी लगेच. उद्गम त्यानंतर, पासबुकावर नाव जसं आहे तसंच टाकून. कागदांच्या झेरॉक्स ठेवून घ्यायच्या का?

वकीलीण_बावडा
अजिबात नको. मूळ कागद हातात घेऊन लगेच परत. आधारची प्रत, ओटीपी, पासबुकाचा फोटो तालमीच्या मोबाइलवर काहीही नाही. लॉगिन ज्याचं त्याच्या फोनवरून. वहीत फक्त नाव, गल्ली आणि 'कुठं जायचं' एवढंच. सही कुठल्याच फॉर्मवर टेबलावर नाही.

शाहूपुरी_गल्ली
उद्गमवर नाव सापडलं की जो क्रमांक येतो, तो घेऊन कुठल्याही शाखेत जायचं का?

निवृत्त_कॅशिअर
तो यूडीआरएन. त्यात शाखा किंवा खाते क्रमांक दिसत नाही, मुद्दामच, म्हणजे तिऱ्हाइताला उपयोग नको. त्याच बँकेच्या कुठल्याही शाखेत तो दाखवा, त्यांच्या यंत्रणेत खातं उघडतं. अर्जावर तो क्रमांक ठळक लिहा आणि खाली पोच.